फोटो गेला म्हणजे जुळलं

हिवरखेडच्या देवमनचं वावर फुलांचं. झेंडू, शेवंती आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं थोडा गलांडा. आसपासच्या गावांतले कितीतरी मांडव त्याच्या फुलांनी सजले, कितीतरी नवरदेवांच्या गाड्यांवर त्याच्या माळा चढल्या. त्याचं स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं होतं. त्यात त्याचा दोष एवढाच की तो शेती करत होता. मुलगा निर्व्यसनी आहे, ओलिताची जमीन आहे, आईला जपतो, हे सगळं मान डोलवत ऐकून घेतल्यावर मुलीकडचे चहाचा कप खाली ठेवत आणि विचारत, "अन् नोकरी?" लोकांना भाजी वावरातली ताजी लागते, फुलं ताजी लागतात, वावरातला जावई तेवढा चालत नाही. असो.

त्यांच्या समाजाचा परिचय मेळावा दरवर्षी अकोल्याला भरे आणि लग्नाच्या मुलामुलींची पुस्तिका निघे. ती छापून हातात पडेपर्यंत त्यातल्या निम्म्या मुली सासरी गेलेल्या असत. म्हणून समितीचे अध्यक्ष उत्तमराव यांनी पुस्तिकेच्या जागी ब्लॉग काढायचं ठरवलं आणि ते काम देवमनच्या गळ्यात आलं, कारण तो बीए होता आणि नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. लोक मोबाइलवर फॉर्म भरत. देवमन वावरातून आला की एकेकाची माहिती उतरवून ब्लॉगवर चढवी.

पुढच्याच मेळाव्यात कुणीतरी माइक हातात घेऊन म्हणालं, "सारे फारम याच्यापाशी येतात. चांगल्या पोरी हा आंधी पाहून घेते, मंग आपल्याले दाखवते."

मंडप हसला. देवमनही कसनुसा हसला, पण ती गोष्ट त्याच्या फार जिव्हारी लागली. आपला हातच मध्ये नको, असं त्यानं त्या दिवशी ठरवलं.

कोडिंगचं त्याला एक अक्षर येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. हिंदीतले व्हिडिओ पाहून पाहून तो शिकला. एका बाजूला फॉर्म, दुसऱ्या बाजूला ब्लॉग आणि मध्ये जोडणी. कोणत्या रकान्यातलं काय कुठं जायचं ते एकदा दाखवून दिलं की झालं, ठिबकच्या नळ्या जोडून कॉक फिरवल्यासारखं. इकडे माणसानं फॉर्म भरला की तिकडे पोस्ट आपोआप लागणार. चाचणीसाठी त्यानं स्वतःचाच फॉर्म भरला. पहिल्या खेपेला मथळ्यात नावाऐवजी रक्तगट येऊन बसला. दुसऱ्या खेपेला नाव नीट आलं, खाली अकोटच्या स्टुडिओत काढलेला पांढऱ्या शर्टातला फोटो, आणि अपेक्षांसमोर त्यानं लिहिलेलं, 'काही नाही'.

चाचणी झाल्यावर ती पोस्ट काढून टाकायला हवी होती. त्यानं काढली नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, "टेस्टिंगची हाय ते."

घरात एकच माणूस तिला टेस्टिंगची मानत नव्हतं. त्याची आई, मनकर्णाबाई. तिला अक्षरओळख नव्हती, पण चहाच्या वेळी ती मोबाइल मागून घ्यायची आणि अंगठ्यानं एकेक फोटो वर सरकवायची. तिनं सगळ्यांना आपापली नावं ठेवली होती. अकोटचा किशोर म्हणजे चष्म्यावाला, तेल्हाऱ्याचा एक मिशीवाला. मुलींचे फोटो थोडे, तेही चार दिवसांत जायचे. जुळलं की घरचे कळवत आणि पोस्ट उतरे, हे देवमननं तिला सांगितलं होतं. शेवटी लेकाचा फोटो आला की ती थांबायची. "आला का कोनाचा फोन?" ती विचारायची.

फोन एकदाच आला होता, बडनेऱ्याहून. मुलीच्या वडिलांनी सगळं विचारलं, फुलांचा भावसुद्धा विचारला. मग म्हणाले, कळवतो. मुलीचा फोटो आठवड्यानं ब्लॉगवरून गेला.

मुलांची गर्दी वाढत चालली तसा उत्तमरावांचा फोन आला. "पोरीवाले पान उघडतात अन् सारे टकले पाहून बंद करतात. चाळिशी झाली का काढून टाकत जा, देवमन."

"वाईट वाटंल न भाऊ लोकाईले."

"मशीन काढंल. तुले काय करा लागते?"

देवमननं जोडणीत आणखी एक पायरी घातली. रोज सकाळी जन्मतारीख तपासायची आणि चाळीस पूर्ण झालेल्या मुलाची पोस्ट उतरवायची. आपली जन्मतारीख त्याला तेव्हा आठवली नाही, असं नाही. पण मध्ये तीन वर्षं आहेत, तोवर होईलच काहीतरी, असं त्याला वाटलं. आशेनं भलीभली माणसं मूर्ख होतात, देवमन तर साधा माणूस.

थोड्याच दिवसांत किशोरचा फोटो गेला. त्याचा फोन आला. "माया फोटो काहून काढला गा?"

"म्या नाई काढला दादा. नियम हाय."

"नियम कोनं बनवला?"

त्या दिवशी चहाच्या वेळी मनकर्णाबाईनं विचारलं, "चष्म्यावाला दिसून नाई राह्यला."

"जुळलं त्याचं," देवमन म्हणाला. दुसरं काय सांगणार होता?

"बरं झालं व माय. लय दिवसाचा होता बिचारा." ती खरोखर खूश झाली. पुढे जो जो गेला, त्याचं त्याचं तिनं असंच मनातल्या मनात लग्न लावून दिलं.

आणि तीन वर्षं सरल्यावर एका सकाळी देवमनचा फोटो गेला. फुलं तोडून आल्यावर त्यानं पान उघडलं, तर सगळ्यात खालची जागा रिकामी. त्यानं हातानं पोस्ट परत चढवली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा उतरली. मशीन इमानदार होतं, कोण कुणाचा हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्या एका नावाला नियमातून सोडता आलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं. त्यानं जोडणीतली ती पायरी उघडलीही. मग त्याला किशोरचा आवाज आठवला आणि मेळाव्यातलं ते हसू आठवलं. त्यानं मोबाइल बंद करून ठेवला.

चहाच्या वेळी आईनं तो मागून घेतलाच. अंगठा सरकत सरकत खाली गेला आणि थांबला. तिनं वर पाहिलं. चेहरा असा फुललेला की देवमनला तिच्याकडे बघवेना.

"गेला तुयाबी? मले सांगतलं काहून नाई?"

"आई, तसं नाई..."

"राहू दे. नको सांगू. पक्कं झाल्याबिगर बोलूच नाई." तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "एक वाफा येगळा लाव झेंडूचा. घरच्या मांडवाले इकतचे फुलं नाई लागले पाह्यजेत. अन् त्यातलं फूल इकाचं नाई."

सांगायला हवं होतं. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. देवमननं सांगितलं नाही, वाफा लावला. मनकर्णाबाई स्वतः त्याला पाणी द्यायची, निंदायची, गाणं गुणगुणायची. तिला त्यानं इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं, आणि त्याच पायी त्याची जीभ रोज जड होत गेली. वाफा भरून फुलला. तारीख कधीची, असं ती विचारी. पाहून राहिलो, असं तो म्हणे. मग तिचं विचारणं कमी झालं, मग थांबलं.

तुळशीचं लग्न झालं आणि मांडवांचे दिवस आले. अकोटहून मोठी मागणी आली, आणि वावरातली फुलं तोडून झाली तरी टोपली अपुरीच. देवमन त्या वाफ्याकडे गेला नाही. मनकर्णाबाई उठली, टोपली घेऊन वाफ्यात जाऊन बसली आणि फुलं खुडू लागली.

"आई, राहू दे ते."

"झाडावर वाळून काय कराचं?" ती म्हणाली.

तोही समोर बसून खुडू लागला. टोपली निम्मी झाल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "त्या चष्म्यावाल्याचंबी नोयतं जुळलं, नाई का?"

"नाई जुळलं," देवमन म्हणाला.

तिनं पुढचं झाड ओढून घेतलं.