पपांनी लिलावात घेतलेली पेटी

आधीच सांगते, भूत, करणी, अंगात येणं यातलं काही मला सांगायला येऊ नका. मी नगरला हायस्कूलवर सायन्स शिकवलं. वर्गात कुणी "बाई, आमच्या विहिरीवर हडळ आहे" म्हणालं की मी त्याला आधी विहिरीची खोली विचारायचे. या सदरातले अनुभवही मी हसायलाच वाचते, राग मानू नका. तरी आज लिहायला बसलेय, कारण आमच्या ह्यांनी परवा चारचौघांत सांगितलं की ते सगळं "लूज कनेक्शन" होतं. लूज कनेक्शन! अहो, कनेक्शनच नव्हतं तर लूज कुठून होणार? तेव्हा आता तुम्हीच ऐका.

गाव शेवगाव. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझे वडील, म्हणजे पपा, तिथल्या मिशनच्या शाळेत हेडमास्तर. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात पपा, मी आणि व्हॉल्व्हचा एक भला मोठा रेडिओ. तो लावला की आधी गरम व्हायचा, मग घूं घूं करायचा, आणि निम्म्या बातम्या संपल्यावर बोलायला लागायचा. पपांना त्याचा भारी अभिमान.

प्रभाकर बाजारपेठेत रेडिओ रिपेअरिंग करायचा. एकदा आमचा सेट दुरुस्त करायला आला आणि पपांना सरळ म्हणाला, "मास्तर, हा काढून टाका. ट्रान्झिस्टर घ्या. बटण फिरवलं की लगेच बोलतो."

पपा म्हणाले, "जो विचार न करता लगेच बोलतो, त्याला मी घरात घेत नाही."

संपलं! पुढे त्याने मला मागणी घातली तेव्हा काय उत्तर आलं असेल, ते सांगायला नकोच. त्यातून मला नगरच्या एका शिक्षकाचं स्थळ आलेलं. ते गृहस्थ जेवतानासुद्धा फळ्यावर लिहिल्यासारखे बोलायचे. मला प्रभाकरच हवा होता, दुसरा कुणीही नको होता... आता या वयात लाजायचं काय त्यात?

तर प्रभाकरला नाद होता विजेचे खेळ बनवायचा. आमचा नातू आता कॉम्प्युटरवर गेम बनवतो आणि स्वतःला डेव्हलपर म्हणवतो. अरे बाबा, तुझा आजोबा टॉर्चच्या बल्बांवर तेच करत होता! त्याची सगळ्यात मोठी करामत म्हणजे नवकंकरीची पेटी. खेळ तुम्हाला माहीत असेल. एकात एक तीन चौकोन, दोघांचे नऊ-नऊ खडे, आपले तीन ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याचे दोनच उरले तो हरला. पेटीच्या झाकणावर हा पट काढलेला आणि प्रत्येक घरावर एक बारका बल्ब. माणसाने चिंचोके मांडायचे, पेटीने दिवे लावायचे. उचलायचा असेल त्या चिंचोक्याजवळचा दिवा ती लुकलुकवायची. गावात सांगितलं होतं की पेटी स्वतः डोकं चालवते.

डोकं कसलं चालवते, कप्पाळ! पेटी टेबलावर, टेबलावर जमिनीपर्यंत चादर, आणि चादरीखाली प्रभाकर. त्याच्या मांडीवर एक फळी, फळीवर सेल आणि बटणं, तिथून तारांचा जुडगा वर पेटीत. खालून त्याला पट दिसायचा नाही, म्हणून मी शेजारी उभी राहून क्रिकेटसारखी कॉमेंटरी करायची. "समोरच्यांनी मधल्या चौकोनाचा खालचा डावा कोपरा घेतला!" तो ऐकून बटण दाबायचा. हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक.

पपा म्हणजे नवकंकरीतले पक्के खेळाडू. हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकदा चर्चच्या पाळकसाहेबांसमोर ते बोलून गेले, "या पोराच्या पेटीनं मला हरवलं तर माझी एस्तेर दिली त्याला. नाही हरवलं तर पुन्हा माझ्या दारात दिसायचं नाही." सामना ठरला हंगामाच्या सणाला, चर्चमधली भक्ती, म्हणजे उपासना, आटोपल्यावर. म्हणजे अख्ख्या मंडळीसमोर!

त्या सणाला आमच्यात पिकाचं पहिलं दान वेदीपुढे आणून ठेवतात. बाजरीची पोती, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादं करडू. भक्ती झाली की तिथंच लिलाव. आम्ही सकाळी टेबल-पेटी मांडली आणि बघतो तर सेल उतरलेले. प्रभाकरने फळी सोडवली, काखोटीला मारली आणि सायकलवर टांग टाकली. "भक्ती संपायच्या आत आलोच!" तो गेल्यावर कुणा शहाण्याने दानाच्या टोपल्यांसाठी आमचं टेबल उचललं आणि पेटी खाली भोपळ्यांत ठेवून दिली. मी गाणाऱ्या मुलींच्या बाकावर. मला कळलंसुद्धा नाही.

नेमका त्या दिवशी पाळकसाहेबांचा घसा बसलेला. एरवी मुलं झोपून उठेपर्यंत चालणारा उपदेश सुरू झाला म्हणेतो संपला. लगेच मंडळीतले थोमाकाका लिलाव पुकारायला उभे राहिले. करडू गेलं, कोंबड्या गेल्या... आणि त्यांनी पेटी उचलली.

"बोला मंडळी! लाकडाची पेटी हाय, वर लई दिवे लावल्यात. कुनाची हाय ठावं न्हाई, पन आता देवाची हाय!"

मी ताडकन उठले. "काका, ते दान नाहीये, ती तर..."

"एस्तेर, वेदीपुढं ठेवलेलं परत मागायचं नसतं. बस खाली," पपा म्हणाले. आणि शांतपणे हात वर करून त्यांनी स्वतःच बोली लावली! मास्तरांवर बोली चढवायची कुणाची छाती? पेटी पपांची झाली.

"आता पेटी माझ्या मालकीची," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "तिनं खेळायचं की नाही, ते मी ठरवणार."

म्हणजे सामनाच नाही. सामना नाही तर प्रभाकरही नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जन्मदात्याचा इतका राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

पण थोमाकाका गप्प बसतील तर शपथ! "मास्तर, भ्यालात व्हय पेटीला?"

सगळं चर्च फिदीफिदी हसलं. पपांचे कान लाल झाले. त्यांनी पेटी बाजरीच्या एका पोत्यावर ठेवली, खिशातून चिंचोके काढले आणि पहिला मांडला. "घ्या. बघा काय करते ती."

काय करणार? खाली टेबल नाही, चादर नाही, प्रभाकर नाही. तारांची मोकळी टोकं पोत्यावरून लोंबत होती आणि नुकतीच विकली गेलेली एक कोंबडी त्यांना चोच मारत होती. सवय वाईट हो... माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मास्तरांनी बाहेरच्या चौकोनाचा वरचा उजवा कोपरा घेतला!"

आणि समोरच्या कोपऱ्यातला दिवा लागला.

चांगला लख्ख! प्रभाकरच्या सेलवर बल्ब कायम पिवळट जळायचे. हा पांढराशुभ्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं पेटी अशीच चालते. मी मात्र दाराकडे पाहिलं, प्रभाकरचा पत्ता नव्हता. पपांनी दुसरा चिंचोका ठेवला, मी पुकारलं, दुसरा दिवा लागला. पपा हनुवटी खाजवत विचार करायचे, पेटी क्षणाचाही नाही. आणि खेळ कसला, अगदी निर्दय! पपांनी एकीकडे रोखलं की दुसरीकडे तीन दिवे ओळीत तयार. त्यांचा एकेक चिंचोका उठायला लागला. मध्येच त्यांनी पेटीखाली हात घालून पाहिलं, वाकून तिला कान लावला. दिवे लागलेलेच. शेवटी पपांचे दोन चिंचोके उरले आणि चर्चमध्ये एकच गलका झाला.

तेवढ्यात दारातून धापा टाकत प्रभाकर आत आला, हातात फळी उंच धरून. "थांबा! सेल आणलेत! सुरू करू नका!"

पपांनी फळीवरचे सेल पाहिले, बटणं पाहिली, लोंबणाऱ्या तारा पाहिल्या. सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हणजे चादरीखाली तू बसणार होतास?"

"हो मास्तर," प्रभाकर खाली मान घालून म्हणाला.

"मग आत्ता कोण बसलं होतं?"

सगळ्यांनी पोत्याकडे पाहिलं. थोमाकाकांनी पोत्याचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात घातला. "बाजरीच हाय," ते म्हणाले.

पपांनी चिंचोके गोळा करून खिशात टाकले. मला वाटलं, फसवाफसवी उघडी पडली, आता संपलंच सगळं. मग ते उठले. "तू लबाड आहेस," ते प्रभाकरला म्हणाले. "पण मी हरलो, आणि हरवलं ते तुझ्या पेटीनं. शब्द म्हणजे शब्द. पाळकसाहेब, येत्या रविवारी विवाहाची घोषणा वाचा." पाळकसाहेबांना आवाजच नव्हता, त्यांनी नुसती मान डोलावली.

प्रभाकरने पेटी कितीदा खोलली असेल, गणती नाही. आत बल्ब आणि तारा, बस्स. ओलावा म्हणा, हवेतली वीज म्हणा, कोंबडीची चोच म्हणा, मी सगळं तपासून पाहिलंय. बल्ब एक वेळ पेटेलही, पण नवकंकरी कशी खेळेल? ह्यांना खरं दुःख वेगळंच आहे. पेटी त्यांच्यापेक्षा चांगली खेळली, म्हणून ते लूज कनेक्शन! मला मात्र उत्तर सापडलेलं नाही आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

आमच्या लग्नाला पपा ती पेटी मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसले होते. मी किती सांगून पाहिलं, ऐकतील तर ना! पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्याने आताच सांगावे." आणि आमच्याकडे बघायचं सोडून सगळ्या चर्चने माना उंच करून पपांच्या मांडीकडे पाहिलं. पाळकसाहेबही थांबले. प्रभाकरने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. एकही दिवा लागला नाही. पपांनी खात्री करून घ्यायला आणखी थोडी वाट पाहिली, झाकणावरून एकदा हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, "हरकत नाही म्हणतेय. चला पुढं."