सुरेखाताईंनी लावलेली कडी

हे आजवर कुणाला बोललो नाही. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे अख्ख्या ऑफिसला माहितीये — सरांचा खोकला, आमच्या येवल्याच्या एसटीतला कंडक्टर, कुणाचीही नक्कल फर्माईश करा, लगेच हजर. पण हे नाही. तुला सांगतो.

नाशकात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला अलार्म देतो — खोली तापली की मालकाचा फोन वाजतो. त्यातला खोलीचा क्लास, म्हणजे साचा, सुरेखाताईंनी लिहिलेला. ताई सटाण्याच्या. प्रोग्राममध्ये नवी खोली ज्यातून बनते तो कन्स्ट्रक्टर त्यांनी प्रायव्हेट ठेवलेला, म्हणजे बाहेरून कुणाला थेट वापरता येऊ नये असा. का? किती तापल्यावर ओरडायचं हे सांगितल्याशिवाय खोली बनूच नये. कुणी कुरकुरलं की अहिराणीत शिरायच्या — "कडी लावेल शे ना भाऊ!" म्हणजे कडी लावलीये.

आणि मी? नव्या गिऱ्हाइकाच्या खोल्या टाकायच्या होत्या, तापमानाचे आकडे आले नव्हते, मला घरी पळायची घाई. हो, एवढंच. रिफ्लेक्शन नावाची सोय असते — प्रोग्राम चालू असताना दुसऱ्या क्लासच्या आत हात घालता येतो, प्रायव्हेट दारसुद्धा उघडतं. माझ्या लॅपटॉपवर तसा एक बारका प्रोग्राम लिहिला. ताईंची तपासणी बाहेरच राहिली. खोल्या बनल्या — कधी ओरडायचं ते न ठरवताच. आकडे नंतर भरू म्हटलं.

विसरलो.

एक खोली तापली. अलार्म गप्प. माल सडला.

मीटिंग लागली. नोकरी कुणाची जाणार, एवढंच ठरायचं होतं. ताई उभ्या राहिल्या. "माझ्या क्लासमधून अशी रिकामी खोली बनूच शकत नाही." सरांनी एकेकाकडे बघितलं. माझ्याकडेही. तेव्हा बोलायला हवं होतं ना?

बोललो की — तेच वाक्य, त्यांच्याच आवाजात, शेवटी तो सटाण्याचा हेल काढून.

सगळे फुटले. सरही हसले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसल्या. परत कुणाशी वाद घातला नाही. घरी जाऊन मी तो प्रोग्राम उडवला. महिनाअखेरीला ताईंना काढलं.

त्यांचं वाक्य खरं होतं. आम्हा दोघांनाच ते माहीत होतं — त्यांना आणि मला.

परवा नवी पोरं जॉइन झाली, जुन्यांनी आधीच पढवलेली. "भाऊ, ते सुरेखाताईंचं करून दाखवा ना!"

मी केलं. हेलसुद्धा बरोबर लागला.