‘व्हय’ म्हणजे कबुली नव्हे

"म्हणजे हा युक्तिवाद तुम्ही लिहिलेला नाही?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"व्हय," सारिका म्हणाली.

सांगलीच्या एका लॉ कॉलेजात मी शिकवते. शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती आणि सारिका माझी विद्यार्थिनी. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातली. मूट कोर्टातला, म्हणजे लुटुपुटीच्या कोर्टातला, तिचा युक्तिवाद इतका नेमका होता की परीक्षकांना तो आयता वाटला.

"जिथं इंटर्नशिप केली, त्या वकिलांनी लिहून दिला?"

"व्हय."

"आणि तुम्ही पाठ केलात."

"व्हय."

परीक्षक माझ्याकडे वळले. "कबुलीच आली की, मॅडम." त्यांनी पेन उघडलं. कॉपीचा शेरा पडला तर तिचं वर्ष जाणार, सनद लांबणार. लग्नाचा विषय घरच्यांनी या निकालापर्यंतच थांबवला होता.

घोळ मला कळला होता. आमच्या साताऱ्याकडेही समोरचा बोलत असला की मध्ये मध्ये ‘व्हय’ म्हणतात. तो नुसता हुंकार. माझे मामा राँग नंबरलासुद्धा पाच वेळा ‘व्हय’ म्हणतात.

"सर, मला फेरतपासणी करू द्या."

उलटतपासात साक्षीदार घसरला, की त्याच्याच बाजूचा वकील त्याला खुलासा विचारतो. ती फेरतपासणी.

"करा. पण सूचक प्रश्न नको."

सूचक म्हणजे उत्तर पोटात घेऊन आलेला प्रश्न. मी नेमका तोच विचारणार होते. आता मोकळा प्रश्न विचारायचा, आणि ही पोरगी घाबरून ‘चुकलं’ म्हणाली तर संपलंच.

"सारिका, सर बोलताना तू ‘व्हय’ कशाला म्हणत होतीस?"

"आवं मॅडम, थोरलं मानूस बोलतंय. मी काय मुकाट बसू व्हय?"

"मग युक्तिवाद लिहिला कुणी?" परीक्षकांनी विचारलं.

"मीच की. वकीलसायबांनी निम्मा खोडला हुता. मी परत घातला."

"का?"

मग ती जी सुटली, ती परीक्षकांनी पेनाला टोपण लावेपर्यंत थांबली नाही.

"कोर्टात हो किंवा नाही, स्पष्ट बोलायचं. समजलं?" ते म्हणाले.

सारिका ओठ मिटून उभी. तो शब्द काढायची तिची छाती होईना.

"व्हय म्हण गं," मी म्हणाले.

"मॅडम, हे सूचक झालं," परीक्षक म्हणाले.

सारिका पास झाली. आता वकिली करते. तिच्या साक्षीदाराच्या ‘व्हय’वर समोरचा वकील हरखला, की ती शांतपणे फेरतपासणीला उठते.