वाढत्या मापाची पॅन्ट

माझ्या मुलीच्या बेसबॉल लीगनं अंपायर होणाऱ्या मुलांसाठी कपड्यांचं पानभर पत्रक पाठवलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. करडी पॅन्ट, काळा पट्टा, पॉलिश केलेले काळे बूट, शर्ट खोचलेला, केस टोपीखाली बांधलेले, कानात-गळ्यात काही नाही. तेरा वर्षांची पोर ती. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या मॅचला उभी राहणार आणि थाट मात्र न्यायाधीशाचा!

सगळा सीझन ती लांब बेसजवळ, मोठ्या अंपायरची मदतनीस म्हणून उभी राहिली होती. शेवटच्या मॅचला तिला पहिल्यांदाच होम प्लेटमागे, बॅटिंग करणाऱ्याच्या पाठीमागे, मास्क लावून उभं राहायला मिळणार होतं. तिथं ती म्हणेल तो स्ट्राइक. आठवडाभर ती आरशासमोर मूठ उंचावून "स्ट्राइक!" ओरडत होती. जेवायला बसली तरी तेच.

मी पॅन्ट घेतली ती आपल्याकडे घेतात तशीच, दोन मापं मोठी. वाढतं अंग आहे, दोन वर्षं तरी निघायला हवीत. इथं दुबईत, करामातल्या शिंप्याला तर काही सांगावंही लागलं नाही. "मॅडम, चार इंच अंदर मोड देता हूँ. बच्ची लंबी होगी तो खोल देना, खलास." कमरेला पडलेल्या चुण्या मी पट्ट्याखाली दडपल्या.

"आई, इट्स टू बिग," मुलगी म्हणाली.

"मैदानात कोण बघतंय?" मी म्हटलं.

मुख्य अंपायर बघत होते. शनिवारी सकाळी मॅचआधी त्यांनी तिला प्लेटमागे वाकून उभं राहायला सांगितलं. ती वाकली आणि उजव्या पायाची दुमड उसवून बुटाखाली आली. सरळ होताना ती धडपडली. त्यांनी मान हलवली. बॉल अंगावर आला आणि पाय अडकला तर? आज प्लेटमागे नाही, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं. मी पर्समधली सेफ्टी पिन पुढे केली, तर पिनाही चालत नव्हत्या.

"सर, प्लीज, जस्ट फाइव्ह मिनिट्स," म्हणत मी गाडीकडे धावले. गाडीत टिश्यूपेपरपासून छत्रीपर्यंत सगळं होतं, सुईदोरा तेवढा नव्हता. परत आले तोवर मास्क दुसऱ्याच मुलीच्या तोंडावर चढला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार इंच कापडासाठी पोरीचा एवढा हिरमोड करायचा? बाकावर तिच्याशेजारी बसून मी पत्रकाला, लीगला, शिंप्याच्या कच्च्या टिपेला नावं ठेवत राहिले. प्रत्येक बॉलला तिचा उजवा हात मांडीवरून जरासा उचलला जायचा, मूठ वळायची आणि पुन्हा खाली यायची. ते मला बघवेना, म्हणून मी आणखीच तावातावानं बोलत सुटले.

गाडीत बसल्यावर समजूत घालावी म्हणून म्हटलं, "जाऊ दे गं. पुढच्या वर्षी ही पॅन्ट तुला अगदी मापात बसेल."

"आय नो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "यू बॉट इट फॉर नेक्स्ट इयर. माय मॅच वॉज टुडे, आई."