उलटा कागद

त्या कागद आधी उलटा करायच्या, मग पेन्सिल हातात घ्यायच्या.

पेशंट खाटेवर आडवा. थेंब टाकून त्याच्या बाहुल्या मोठ्या केलेल्या. त्या डोक्याला दिव्याचा पट्टा बांधायच्या, एका हातात जाड भिंग धरायच्या आणि त्याच्या डोळ्यात वाकून बघायच्या. मोठं वर्तुळ छापलेला कागद पेशंटच्याच छातीवर ठेवलेला असायचा. त्या भिंगातून डोळ्याचा मागचा पडदा उलटा दिसतो. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. म्हणून कागदही उलटा ठेवायचा आणि दिसेल तसं काढत जायचं. नंतर कागद सरळ केला की सगळं आपापल्या जागी येतं.

पेशंटच्या नातेवाइकांना हे कुठून ठाऊक असणार? कुणी ना कुणी हळूच म्हणायचंच, "सिस्टर, कागद उलटा धरला की तुमी."

"डोळाच उलटा दिसायलाय. कागद सुलटा ठिवून काय करू?"

मग तांबडी पेन्सिल, निळी पेन्सिल. डोळ्यात रक्त आणणाऱ्या शिरा तांबड्या, परत नेणाऱ्या निळ्या. एखादा कोपरा धुरकट असला तर कागदावर तो कोराच राहायचा. मी एकदा विचारलं, तिथेही शिरा असणारच ना, मग अंदाजाने जोडून का टाकत नाही? त्यांनी भिंग खाली केलं.

"असतील. मला दिसल्या न्हाईत. दिसलं तेवढंच काढायचं, पोरी."

खरं तर त्या नर्स नव्हत्या. डोळे तपासायचं दोन वर्षांचं शिक्षण घेतलेल्या सहायक होत्या, आणि पडदा बघायला त्यांना आमच्या रुग्णालयातल्या आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. पण पांढरी साडी नेसणारी प्रत्येक बाई आपल्याकडे सिस्टरच असते. त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं दुसरं बरंच होतं, असं त्यांचं मत असावं.

मी तिथे टायपिस्ट होते. वडिलांच्या बदल्या होत होत आम्ही परभणीला येऊन थांबलो. माझी शाळा इंग्रजी. मराठी मला वाचता यायचं, पण चार लोकांत बोलायची वेळ आली की मी तिथून काढता पाय घ्यायचे. नव्या डॉक्टरसाहेबांना बिनचूक इंग्रजी टाइप करणारं माणूस हवं होतं. बोलणारं नको होतं. मला ते सोयीचं वाटलं.

पहिले तीन दिवस मी डबा कपाटाआड बसून खाल्ला. चौथ्या दिवशी त्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन कपाटाआड आल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या.

"इंग्लिश शाळेत गप बसायचं शिकवत्यात काय गं?"

मी हसले फक्त.

"बरं, इंग्लिशमधी भूक लागू दे. जेव मराठीत."

तेव्हापासून माझा निम्मा डबा त्यांचा आणि त्यांची एक भाकरी माझी. मी बोलत नसे; दोघींचं मिळून त्याच बोलत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा आवाज अधिकाऱ्यापुढे आणि भिकाऱ्यापुढे एकाच पट्टीत असतो. मी तोवर पाहिली नव्हती. एकदा सेलूकडचे एक बडे जमीनदार आले होते. रांगेत बसल्या बसल्या त्यांनी पुतण्याकरवी सिस्टरचं आडनाव काढलं, गाव काढलं, गावात घर कुठल्या बाजूला तेही काढलं. मग घसा खाकरून म्हणाले, "दुसरं कुणी नाही का तपासायला?"

"हाय की. साहेब हायत. गावाला गेल्यात, सोमवारी येत्यात. तवर डोळा मिटून बसा."

अर्धा तास ते खरंच बसले. मग म्हणाले, "बघा मग." सिस्टरनी बघितलं, इतरांइतकंच सावकाश, इतरांइतकंच नीट. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "पडदा लय झकास हाय त्यांचा. समदं बिघडलंय ते म्होरच्या बाजूला."

नामांतर तेव्हा व्हायचं होतं. विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघत, बंद पुकारले जात, एसटी मध्येच थांबायची. बंद असला की सिस्टर पायी यायच्या. त्यांचा भाऊ त्या चळवळीत जेलमध्ये जाऊन आला होता, एवढंच मला ठाऊक होतं. त्याविषयी त्या स्वतःहून कधी बोलल्या नव्हत्या.

साहेब पुण्याहून आले होते. हुशार, हात सफाईदार. मोतीबिंदू काढून डोळ्याच्या आतच भिंग बसवायची शस्त्रक्रिया त्यांनी आमच्याकडे सुरू केली. त्याआधी म्हाताऱ्या माणसांना बाटलीच्या बुडासारखा चष्मा मिळायचा आणि जमीन वाकडी दिसायची. साहेबांनी पडद्याचा फोटो काढणारा कॅमेराही आणला. सगळ्यांना वाटलं, आता सिस्टर रुसणार. त्यांना तर कॅमेरा फार आवडला. "लय खरं काढतंय बाई हे यंत्र," म्हणाल्या. पण कागद आणि पेन्सिल सोडली नाही. "त्याला डोळा दिसतोय. डोळा कुनाचा, ते त्याला ठाऊक नसतंय."

त्यांना मात्र ठाऊक असायचं. प्रत्येक पडद्यातल्या शिरा त्या आपल्या भागातल्या नद्यांवरून लक्षात ठेवत. पेडगावच्या गयाबाईच्या डोळ्यात एक बारकी शीर वळसा घेऊन मोठीला मिळायची, तर तिला त्या म्हणत, "ही दुधना पूर्णेला मिळाली बघ."

दिवाळीनंतर मोतीबिंदूचं शिबिर झालं. साहेबांना त्यावर निबंध लिहून पुण्याच्या डॉक्टरांच्या परिषदेत वाचायचा होता: खेड्यातल्या माणसांतही हे भिंग सुरक्षित बसतं. त्यासाठी प्रत्येक पेशंटचा सहा आठवड्यांनंतरचा फोटो हवा होता. पण शिबिरातली चार माणसं तोवर ऊसतोडीला निघून गेली होती. म्हातारी माणसं, कोयता चालवायला नाही, तिथल्या झोपडीत, कोपीवर, नातवंडं सांभाळायला. फोटोंची चार पाकिटं रिकामी राहिली.

एक दिवस साहेबांनी माझ्यापुढे पूर्ण अल्बम ठेवला आणि प्रत्येक फोटोखाली नाव, वय, डोळा टाइप करायला सांगितलं. ती चार नावंही होती. चारही नावांवर फोटो होते. मला ठाऊक होतं की ती माणसं आलेली नाहीत. हजेरीचं रजिस्टर मीच टाइप करत होते. मी टाइप केलं. हे लिहिताना अजूनही बोटं अवघडतात, पण मी टाइप केलं.

प्रत्येक पानाखाली तपासणाऱ्याची सही लागायची. सिस्टर खुर्ची ओढून बसल्या आणि भराभर सह्या करत गेल्या. मध्येच थांबल्या. अल्बम उचलला, उलटा केला. पुन्हा सरळ केला. चार पानं मागे गेल्या, तिथेही उलटा करून पाहिला.

"ही गयाबाई हाय."

त्यांनी पुढचं पान उलटलं.

"ही बी गयाबाई. आन ह्यो बाप्या म्हणून लावलाय, त्यो बी गयाबाई. आन हिथं तर तिला डावीची उजवी केली बघ."

निगेटिव्ह उलटी ठेवून काढलेली प्रत होती ती. माझ्यासारखीला जन्मात कळली नसती. पण ज्या बाईने वर्षानुवर्षं डोळे उलटेच पाहिले, तिच्यापुढे डोळा उलटा करून लपवायचा म्हणजे कोळणीपासून मासा पाण्यात लपवण्यासारखंच.

त्या अल्बम घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"साहेब, एक डोळा पाच मानसाला कसा?"

साहेब चिडले नाहीत. समजावून सांगू लागले. चौघांचीही ऑपरेशनं त्यांनी स्वतः केली होती, उत्तम झाली होती. घरी जाताना चौघांना दिसत होतं. फोटो निघाला असता तर असाच निघाला असता. "यात खोटं काय आहे? आणि सिस्टर, निबंधावर तुमचंही नाव घालतोय मी. छापून येईल."

सिस्टरनी अल्बम टेबलावर ठेवला.

"नावासाठी माझा भाऊ जेलात बसला, साहेब. नाव काय असतंय ते आमाला नका सांगू. सही म्हंजे गवाही असती. मी ती चार मानसं बघितली न्हाईत."

"मग कारखान्यांवर हिंडून शोधणार आहात का त्यांना?"

हे साहेब टोमण्याने बोलले होते. सिस्टरनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज माझ्या टेबलावर होता. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं होतं: डोळे बघायला जाणे.

नऊ दिवस त्या नव्हत्या. पिशवीत दिवा, भिंग, थेंबांची बाटली आणि कोरी वर्तुळं घेऊन उसाच्या फडांतून, कोप्यांच्या रांगांतून मुकादमांना विचारत फिरल्या. दहाव्या दिवशी दुपारी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभ्या दिसल्या. साडीची रया गेलेली, आणि हाताला धरून एक म्हातारबाबा. डोळ्यावर फडकं बांधलेलं.

तिघं सापडली होती. एक बाई आणि एक बाबा ठणठणीत. तिसरे हे. महिनाभर डोळा लाल होता, दुखत होता, दिसणं कमी होत चाललं होतं. बाबांना वाटलं, पाचटाच्या धुराने असेल. आमच्या अल्बममध्ये त्यांच्या नावावर गयाबाईचा सुंदर, निरोगी पडदा होता.

साहेबांनी फडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांचं श्रेय त्यांना देते: तीन दिवस ते त्या बाबांच्या खाटेपासून हलले नाहीत. डोळा राहिला. नजर थोडी राहिली. माणूस ओळखू येई, वाट दिसे.

"आणखी आठ दिवस गेले असते तर?" मी डबा उघडताना विचारलं.

"तर अल्बमात चांगलाच ऱ्हायला असता." त्यांनी भाकरी मोडली. "चौथी घावली न्हाई गं. सत्वाबाई. टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली म्हनं."

त्या आठवड्यात मी ती चार पानं पुन्हा टाइप केली. कुणी सांगितलं नव्हतं. तीन पानांवर सिस्टरची चित्रं लावली, त्यातल्या एकाखाली बाबांच्या डोळ्याचं जे झालं ते लिहिलं. चौथ्या पानावर कोरं वर्तुळ, खाली इंग्रजीत: पाहता आले नाही. गयाबाईच्या चार प्रती पाकिटात घालून वर ठेवल्या. साहेबांनी पानं पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

त्या वर्षी ते परिषदेला गेले नाहीत.

होळीच्या सुमारास सिस्टरची नेमणूक पुढे चालू न ठेवण्याचं पत्र निघालं. ते पत्र टाइप करायला माझ्याकडेच आलं. मी कागद यंत्रात घातला आणि काढून घेतला. साहेबांना म्हटलं, हे मी टाइप करणार नाही. त्यांनी ते हाताने लिहिलं.

सिस्टरनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पिशवीत टाकलं. "हातानं लिवलंय," म्हणाल्या. "ही तुझी करनी दिसतीय." मला रडू आलं तर दटावलं, "मी काय मरायलेय का? गावाकडं हाय, बोरीला. बाजारच्या दिवशी झाडाखाली अक्षरांचा तक्ता लावून बसते. डोळे काय फकस्त दवाखान्यात असत्यात?" जाताना दिवा आणि भिंग रुग्णालयाचं म्हणून माझ्या टेबलावर मोजून ठेवलं. तांबडी आणि निळी पेन्सिल मात्र त्यांची स्वतःची होती. तीही ठेवली.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. यंदा विद्यापीठाचं नाव बदललं. त्या दिवशी परभणीच्या रस्त्यावर मी त्यांच्यासारखी पाठ असलेल्या दोन बायकांच्या पुढे जाऊन चेहरे पाहून आले.

पण त्या वर्षीचं एक सांगायचं राहिलं. वैशाखात, ऊसतोडीची माणसं परतल्यावर, एक उन्हाने काळवंडलेली म्हातारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. कनवटीची चिठ्ठी काढून तिने माझ्यापुढे धरली. ठसठशीत अक्षर: "राहिलेली चौथी. बाजारात घावली. पाठवते आहे. बघा." खाली सिस्टरचं पूर्ण नाव, आणि नावाखाली रेघ.

सत्वाबाईला मी आत नेलं, थेंब टाकले, खाटेवर झोपवलं. साहेब दारातूनच म्हणाले, "काय आजी, छान दिसतंय ना?"

"दिसतंय की बाबा."

"मॅडम, नॉर्मल लिहा."

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही पाहिलेलं नाही."

मी कपाटातून दिव्याचा पट्टा काढून त्यांच्यापुढे धरला. ते उभेच राहिले. मीही पट्टा धरून उभी राहिले; हात खाली घेतला नाही. मग चौथ्या पानावरचं ते कोरं वर्तुळ काढून आणलं, सत्वाबाईच्या छातीवर ठेवलं आणि बाजूला दोन पेन्सिली.

म्हातारीने मान जराशी उचलून पाहिलं. "कागद उलटा हाय की गं बाई."

"उलटाच ठेवायचा असतो, आजी," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्या हातातून पट्टा घेतला.