माझ्या लेकीच्या नाकावर बूट

साहेबाने पायातला बूट काढला आणि माझ्या लेकीच्या नाकातोंडावर दाबला.

लेक नऊ वर्षांची. खालापूरजवळ त्याच्या फार्महाऊसवर मी भांडी-लादी करायची. शाळेला सुट्टी होती, म्हणून तिला सोबत नेली. पाहुणे हिरवळीवर जेवत होते. तिथेच ती आकडी येऊन कोसळली.

तिचा आजार जन्मापासूनचा. जनुकांतला दोष, क्वचितच कुणाला होणारा. औषधांवर औषधं बदलली, आकडी हटली नाही. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या छातीत, कातडीखाली, एक यंत्र बसवलं. त्याची तार मानेतल्या नसेला जोडलीय. आकडी आली की छातीवरून लोहचुंबक फिरवायचं, मग यंत्र नसेला जादा झटका देतं. कधी आकडी थांबते, कधी नाही. ते चुंबक मी पट्ट्याने मनगटाला बांधून ठेवते.

मी चुंबकाचा हात पुढे केला, तर साहेबाने दुसऱ्या हाताने माझं मनगट पिरगळलं.

"हे गंडेदोरे इथे नकोत. तुम्ही वाडीवरचे लोक सुधारणारच नाही."

पाहुण्यांतली एक बाई मोबाइलवर शूटिंग करत होती. उठलं कुणीच नाही.

"सायेब, डाक्टरनं दिलंय ते. तिला श्वास घेता येत नाय."

"गप."

लेकीचे ओठ निळे पडले. मी त्याच्या हाताला चावले. रक्त येईपर्यंत सोडलं नाही. बूट लांब भिरकावला, चुंबक फिरवलं, तिला कुशीवर वळवलं. थोड्या वेळाने ती सैल पडली, श्वास घ्यायला लागली.

खरं सांगते, एकदा मीही तिला चप्पल हुंगवली होती. सासूने सांगितलं म्हणून. आमच्या वाडीत सगळेच हुंगवतात. "त्याने आकडी थांबत नाही, श्वास कोंडतो," असं मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मी शरमेने मेले. मी अडाणी, म्हणून शिकले. तो शिकलेला. त्याला कोण शिकवणार?

दुसऱ्या दिवशी त्याचा मॅनेजर वाडीत आला.

"साहेबांच्या पाया पड, विषय संपव. नायतर चावल्याची केस होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "माझी पण होणार हाय."

लेकीला काखोटीला मारलं आणि पोलीस ठाणं गाठलं. तक्रार लिहून होईपर्यंत बाकावरून उठले नाही. काम गेलं. ती तक्रार मी मागे घेणार नाही. आणि पुन्हा कुणी माझ्या लेकीचा श्वास कोंडला, तर त्याचं बोट त्याच्या हाताला राहणार नाही.