एक नंबरची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत नदीचं पाणी तपासतात आणि दर महिन्याला नदीला श्रेणी देतात: अ, ब किंवा क, म्हणजे नापास. मी खिडकीवर बसते. बाटल्या घ्यायच्या, वेळ बघायची, शिक्का मारायचा.

बाटल्या आणायचे ते बाटलीमामा. सव्वीस वर्षं हेच काम. महिन्यातून एकदा जीपने पहाटे निघायचे, नऊ ठिकाणी गुडघाभर पाण्यात उतरून बाटली भरायचे, तिच्यावर वेळ लिहून बर्फाच्या पेटीत ठेवायचे. खिशात चार पेनं. एक बंद पडलं तर दुसरं, आणि दोन्ही बंद पडली तर? म्हणून चार. असा हा माणूस.

फेरी नदीच्या खालच्या टोकापासून वर करायची, असा नियम. उलटं आलं तर पायाने ढवळलेला गाळ वाहत पुढच्या बाटलीत येतो. नियम बरोबर आहे, हीच तर पंचाईत. लोक 'एक नंबर' म्हणतात ते उत्तम वस्तूला. आमचं एक नंबरचं ठिकाण सगळ्यात खाली, शहरातली गटारं आणि कापड रंगवायचे कारखाने नदीला मिळतात त्याच्याही पुढे. तिथली बाटली सकाळी सातला भरते आणि माझ्या खिडकीवर दुपारी दोनला येते. जंतूंच्या तपासणीला सहा तासांच्या आतलंच पाणी चालतं. मग मी शिक्का मारते: बाद. उरलेल्या आठ बाटल्यांवरून नदी 'ब' श्रेणीत पास होते. वर्गातला सगळ्यात ढ मुलगा परीक्षेला गैरहजर, म्हणून शाळेचा निकाल झकास.

त्या एक नंबरच्या वस्तीत मामांची थोरली बहीण राहते, आक्का. तिच्याजवळ चार वर्षांची नात. काठावरच्या विहिरीचं पाणी पितात, जमेल तेव्हा उकळून. नदीला 'क' मिळाली तरच वस्तीला नळ द्यायचा, असा वरचा आदेश आहे. त्यामुळे मामा बाटली भरायला गेले की आक्का काठावरून विचारायची, "मागच्या वेळी नापास झाली का रे?" कुणीतरी नापास व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवलेलं घर मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मामांनी दुसऱ्या जीपसाठी तीन अर्ज केले. तिन्हींना केराची टोपली मिळाली. एकदा मीच वैतागून म्हटलं, "मामा, सातच्या जागी आठ लिहा ना. कोण बघतंय?"

"बाई, त्या बाटलीत खरं असं काय असतं? पाणी आणि वेळ. त्यातली वेळ खोटी लिहिली, तर उरलेल्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मला त्यांचा राग आला. इतकं सरळ असू नये माणसाने.

गेल्या महिन्यात नात आजारी पडली. जुलाब, सलाईन, नऊ दिवस दवाखाना. घरी आली तेव्हा पोर निम्मी झाली होती. त्यानंतरच्या फेरीला मामांनी एक नंबरची बाटली माझ्यासमोर ठेवली आणि छताकडे बघत राहिले. बाटलीवर वेळ होती आठ वाजून दहा मिनिटं. आठचा आकडा दोनदा गिरवलेला. घड्याळात दोन वाजत होते. मी बाटली आत पाठवली.

मर्यादेच्या चाळीसपट जंतू निघाले. नदी 'क'मध्ये गेली. नळ येणार म्हणून मी घरी जाताना चक्क गाणं गुणगुणले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जीपच्या चालकाची वही मागवली. "अशी अचानक 'क' कशी झाली?" वहीत लिहिलं होतं: एक नंबर, सात वाजून दहा मिनिटं. इतक्या वर्षांत ती वही कुणी उघडली नव्हती. पास झालेल्याचा पेपर कोण पुन्हा तपासतो? अख्खी फेरी बाद झाली, जुनी 'ब' कायम राहिली. मामांना फेरीवरून काढून मागच्या खोलीत रिकाम्या बाटल्या धुवायला बसवलं. आठ लिहा असं मीच सुचवलं होतं, हे मी साहेबांना सांगितलं नाही. नोकरीची भीती वाटली. अजून स्वतःची लाज वाटते.

मामा एवढंच म्हणाले, "जंतू खरे होते हो, बाई."

काल आक्का खिडकीवर आली. तिला भावाला भेटायचं होतं. मी मागे निरोप दिला, पण मामा बाहेर यायला तयार होईनात. नळ जोरात सोडून बाटल्या धूत राहिले.

"नापास झाली म्हणे नदी?" आक्काने विचारलं. चेहऱ्यावर नुसती आशा.

"नाही, आक्का. पास झाली."

ती उन्हातून आली होती, म्हणून मी आमच्या फिल्टरचं पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि पिशवीतून एक रिकामी बाटली काढली.

"एवढी भरून देता? पोरीला नेते."

मी काठोकाठ भरली. तिने झाकण घट्ट लावलं, बाटली उलटी करून गळत नाही ना ते पाहिलं.

"दोन दिवस पुरवीन," म्हणाली.